साष्टीची आडवी रेल्वे

मुंबईच्या माणसाच्या लेखी रेल्वेला दोनच दिशा असतात. एक अप आणि दुसरी डाउन. सकाळी दक्षिणेकडे जायचे, संध्याकाळी उत्तरेकडे परतायचे. पश्चिमेची लाइन घ्या, मध्य रेल्वेची घ्या, नाहीतर हार्बर घ्या; तिघींचा ओढा फोर्टकडे. नकाशावर पाहिले तर या लाइनी हाताच्या बोटांसारख्या दिसतात. खाली मनगटाशी एकत्र आणि वर जावे तसतशा एकमेकींपासून लांब. एका बोटाच्या टोकावरून शेजारच्या बोटाच्या टोकावर जायचे असेल, तर आधी मनगटापर्यंत खाली यायचे आणि मग पुन्हा वर चढायचे. अंधेरी आणि कुर्ला ही दोन स्टेशने सरळ रेषेत जेमतेम सव्वाचार मैलांवर आहेत. पण रेल्वेने जायचे म्हटले, की दादरला उतरा, पूल चढा, गाडी बदला, आणि सुमारे 11 मैलांचा फेरा घाला. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईकराने हा फेरा घातला, आणि त्यात काही गैर आहे असे त्याला वाटलेसुद्धा नाही.

याच मुंबईत एक गाडी अशी होती, जी या बोटांना आडवी छेदून जात असे. तुर्भ्याहून निघायची, चेंबूर आणि कुर्ला करीत थेट अंधेरीला पोहोचायची. 1928 साली ती सुरू झाली आणि 1934 साली बंद पडली. लांबी सुमारे 13 किलोमीटर, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने आठ मैल. आयुष्य सहा वर्षांचे. तिला नावे मात्र दोन होती. एक 'साल्सेट-ट्रॉम्बे रेल्वे' आणि दुसरे 'सेंट्रल साल्सेट ट्रामवे'. गाडी चालवीत असे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे आपल्या वाडवडिलांची जी.आय.पी.

ट्रामवे म्हटल्याबरोबर आपल्या डोळ्यांपुढे रस्त्यातून घंटा वाजवीत जाणारी, खडखडाट करणारी ट्राम उभी राहते. शहरात घोड्यांची ट्राम 1874 साली आली आणि विजेची 1907 साली. पण त्या ट्रामचा आणि या रेल्वेचा संबंध नाही. त्या काळी ट्रामवे हा शब्द जरा सैल वापरीत. गावागावांतून जाणाऱ्या, हलक्या आणि कमी खर्चाच्या रेल्वेलाही ट्रामवे म्हणत. नावावरून निदान एवढे कळते, की मुंबई-पुणे किंवा मुंबई-अहमदाबाद अशा थोर घराण्यातली ही लाइन नव्हे. ही आपली गावाकडची धाकटी सून.

साल्सेट म्हणजे आपली साष्टी. सहासष्ट गावांची म्हणून साष्टी, असे सांगतात. गोव्यातही एक साष्टी आहे; तिची गोष्ट वेगळी. आपली साष्टी म्हणजे मुंबई बेटाच्या उत्तरेला, माहीमच्या खाडीपासून वसईच्या खाडीपर्यंत पसरलेले मोठे बेट. वांद्रे, अंधेरी, बोरिवली, कुर्ला, मुलुंड, ठाणे ही सगळी त्यात आली. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत, 1737 ते 1739 या काळात, साष्टी आणि वसई पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आली. पुढे 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टीत पाय रोवला, आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. तुर्भे हे साष्टीच्या आग्नेयेला असलेले आणखी एक लहान बेट. साहेबाने त्याचे ट्रॉम्बे केले आणि आपणही ते नाव मुकाट्याने उचलले. खाडीपलीकडे, आजच्या नव्या मुंबईत, दुसरे एक तुर्भे आहे. त्याचे नाव तसेच राहिले आणि याचे मात्र ट्रॉम्बे झाले. एवढ्यामुळे पत्ता शोधणाऱ्यांचा घोटाळा टळतो, हाच काय तो फायदा.

मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामध्ये पाणी होते. पूर्वेच्या अंगाला शीवचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तयार झाला आणि पश्चिमेच्या अंगाला माहीमचा बांध 1845 साली. दोन्ही बांध उत्तर-दक्षिण. मग रेल्वे आली. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. ती पूर्वेच्या अंगाने. बाँबे बरोडा अँड सेंट्रल इंडिया, म्हणजे बी.बी.सी.आय., ही दुसरी कंपनी गुजरातेतून खाली उतरत 1864 साली मुंबईत पोहोचली. ती पश्चिमेच्या अंगाने. 1867 च्या एप्रिलात विरारहून बॅक बेपर्यंत रोजची गाडी सुरू झाली, आणि तिच्या थांब्यांत अंधेरी होती.

म्हणजे काय झाले, की साष्टीच्या दोन्ही काठांना रेल्वे मिळाली आणि मधले पोट तसेच राहिले. कुर्ल्याहून अंधेरीकडे निघाले, की वाटेत मिठी नदी लागते. विहार आणि पवईच्या बाजूने उतरणारी ही नदी त्या वेळी खरोखर नदी होती. तिच्या दोन्ही अंगांना कोळेकल्याण, सहार, चकाला, मरोळ अशी गावे. भातशेती, भाजीचे मळे, ताडाची झाडे, कुणबी, कोळी, आणि पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेली पण बोली मराठीच असलेली ईस्ट इंडियन कुटुंबे. गावाच्या वेशीवर क्रूस आणि अंगणात भाताची उडवी. ज्याला आज आपण कालिना म्हणतो, ते हे कोळेकल्याण. पावसाळ्यात या भागातून बैलगाडीने जाणे म्हणजे कठीणच.

तुर्भ्याच्या बाजूची गोष्ट निराळी, आणि ती सांगताना नाकाला रुमाल लावावा लागतो. 1896 साली मुंबईत प्लेग आला. शहराचा केर शहरात साठू देणे धोक्याचे, हे म्युनिसिपालिटीला त्या साथीने शिकवले. केर टाकायला जागा निवडली ती चेंबूर-देवनारकडची दलदल. एवढा केर वाहून न्यायचा कसा? तर रेल्वेने. कुर्ल्याहून चेंबूरकडे फाटा 1906 साली झाला, आणि पुष्कळ वर्षे त्याचा मुख्य उतारू म्हणजे मुंबईचा केर. माणसांसाठी हा फाटा 1924 साली खुला झाला. आज चेंबूरच्या टुमदार बंगल्यांकडे पाहून कोणाला खरे वाटणार नाही, पण त्या गावाला रेल्वेचे पहिले दर्शन झाले ते कचऱ्याच्या वाघिणींचे.

आता हा 1906 चा फाटा कुर्ल्याशी येऊन थांबत होता. तो एका अंगाने तुर्भ्यापर्यंत न्यायचा, दुसऱ्या अंगाने मिठी ओलांडून अंधेरीपर्यंत न्यायचा, आणि साष्टीच्या पोटातून एक आडवा धागा ओवायचा, ही कल्पना काही वेडगळ नव्हती. ती ज्या हवेत वाढली, ती हवा समजून घेतली पाहिजे.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा मुंबईत पैसा खेळत होता. गिरण्यांनी युद्धकाळात अमाप नफा केला होता. शहरात माणसे मावत नव्हती, भाडी कडाडली होती. 1918 च्या अखेरीस जॉर्ज लॉइड गव्हर्नर म्हणून आले. त्यांना सगळेच मोठे करायची हौस. 1920 साली त्यांनी डेव्हलपमेंट खाते काढले. त्याच साली साष्टीचा मुंबई उपनगर जिल्हा झाला. समुद्र हटवून बॅक बे भरून काढायचा, गिरणी कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधायच्या, उपनगरांत नव्या वसाहती आणि कारखान्यांच्या जागा आखायच्या, असे बेत झाले. कापसाच्या दर गासडीवर रुपया कर बसवून खोल्यांसाठी पैसा उभा करायचा होता. कागदावर सगळे ठाकठीक.

पुढे काय झाले, ते मुंबईकर जाणतात. बॅक बेच्या भरावाचा खर्च फुगत गेला आणि समुद्र काही हटेना. खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी त्या कारभारावर असे कोरडे ओढले, की एका अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरिमन त्यातून निर्दोष सुटले. आज त्याच भरावाच्या टोकाला नरिमन पॉइंट आहे. ज्याने भरावावर टीका केली त्याचेच नाव भरावाला लागले, ही मुंबईची खास रीत! खोल्यांचेही तसेच. वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी इथे ज्या बी.डी.डी. चाळी उठल्या, त्या त्याच खात्याच्या. 50,000 खोल्यांचा बेत होता, झाल्या सुमारे 16,000, आणि त्यांतल्याही पुष्कळ सुरुवातीला रिकाम्या पडून होत्या. भाडे परवडेना, पाण्याची आणि दिव्याची सोय धड नाही, कामावरून लांब. माणूस अंधाऱ्या चाळीत दाटीने राहिला, पण तिकडे गेला नाही.

आडवी रेल्वे सुरू झाली ती ही उमेद ओसरू लागली तेव्हा. 1928 हे सालच मोठे चमत्कारिक. 5 जानेवारीला कुलाब्याहून बोरिवलीपर्यंत बी.बी.सी.आय.ची विजेची गाडी धावली. त्याच साली जुहूला विमानांसाठी मैदान तयार झाले. एप्रिलात गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला, तो ऑक्टोबरपर्यंत चालला; सुमारे दीड लाख कामगार सहा महिने घरी बसले. कुर्ला हे गिरणीचेच गाव. तिथल्या स्वदेशी मिलचे नाव सर्वतोमुखी. ज्या गाडीने कामगारांची ने-आण करावी, त्या गाडीच्या पहिल्याच वर्षी कामगारांच्या हातात पगार नव्हता. दुसऱ्या वर्षी, 1929 साली, न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात धरणीकंप झाला आणि त्याचे हादरे कापसाच्या बाजारापर्यंत येऊन पोहोचले. मग आली मंदी.

या सगळ्याचा झाडा खानेसुमारीच्या दोन आकड्यांत सापडतो. 1921 साली मुंबई शहराची वस्ती होती सुमारे 11 लाख 76 हजार. 1931 साली ती झाली सुमारे 11 लाख 61 हजार. वाढली नाही, घटली! मुंबईची वस्ती घटते, हे वाक्य आज विनोदी वाटेल. पण ज्या दहा वर्षांत शहराच्या वाढीसाठी चाळी, भराव आणि रेल्वे उभारली जात होती, नेमके त्याच दहा वर्षांत शहराने वाढायचे नाकारले. या रेल्वेच्या दैवाची सगळी गोष्ट माझ्या मते या दोन आकड्यांत आहे. लाइन चुकीच्या जागी नव्हती, चुकीच्या वेळी होती.

तरी पण सारा दोष मंदीवर ढकलून भागणार नाही. अप-डाउन लाइनींना मंदी लागली, म्हणून काही त्या उखडल्या गेल्या नाहीत. या लाइनीचे स्वतःचे दुखणे होतेच.

पहिले दुखणे असे, की तिच्या कोणत्याच टोकाला जाण्याजोगे ठिकाण नव्हते. लोकल चालते ती दोन टोकांच्या जोरावर. एका टोकाला राहण्याची जागा लागते, दुसऱ्या टोकाला पोटाची. बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या गाडीपाशी ही दोन्ही होती. तुर्भ्याला त्या वेळी काय होते? कोळीवाडा, मिठागरे, डोंगर आणि खाडी. अंधेरीला काय होते? एक गाव, एक बाजार, थोडे बंगले. तुर्भ्याच्या कोळ्याने अंधेरीला का जावे? त्याची मासळी खपायची ती मुंबईच्या बाजारात. कोळेकल्याणच्या माळ्याने भाजी घेऊन चेंबूरला का जावे? चेंबुरात त्याच्याइतकीच भाजी होती. मधल्या गावांतले सगळे व्यवहार दक्षिणेकडे तोंड करून उभे होते, आणि गाडी मात्र पूर्व-पश्चिम चालली होती.

दुसरे दुखणे चालीचे. हार्बरवर बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी सुरू झाली. या देशातली ती पहिली. पश्चिमेला 1928 मध्ये वीज आल्याचे वर सांगितलेच. चेंबूरकडच्या मार्गावर मात्र वीज यायला 1950 चे दशक उजाडावे लागले. म्हणजे कुर्ल्याला विजेच्या गाडीतून उतरायचे आणि पुढे वाफेच्या गाडीत बसायचे. अंधेरीला उतरले, की समोर पुन्हा विजेची गाडी. दोन चपळ बहिणींच्या मध्ये ही धापा टाकणारी. ज्याला अंधेरीहून कुर्ल्याला जायचेच असेल, तोसुद्धा विचार करी, की आडव्या गाडीची वाट पाहण्यापेक्षा दादरवरून गेलेले बरे. फेरा लांबचा खरा, पण गाडीला दुसरी गाडी लागलेली. उतारू अंतर मैलांत मोजत नाही, मिनिटांत मोजतो.

तिसरे दुखणे घरभेदाचे. जी.आय.पी.चा कारभार 1925 साली सरकारने स्वतःच्या हाती घेतला. बी.बी.सी.आय. मात्र 1942 पर्यंत कंपनीच्याच हाती होती. आडवी गाडी जी.आय.पी.ची, आणि तिचे पश्चिमेचे टोक येऊन टेकलेले परक्याच्या दारात, अंधेरीला. इथे आणून सोडलेला प्रत्येक उतारू पुढचे भाडे दुसऱ्याला देणार. दोन संसारांच्या मधल्या भिंतीला पाडलेले दार दोन्हीकडच्यांना हवे असते, पण त्याला तेलपाणी कोणी करायचे यावर एकमत होत नाही.

त्यातच रस्ता आला. मुंबई शहरात मोटार-बस 1926 साली सुरू झाली, आणि नंतरच्या काही वर्षांत साऱ्या देशात मोटारीने लहान पल्ल्याच्या रेल्वेचे उतारू ओढायला सुरुवात केली. ही तक्रार इतकी वाढली, की सरकारने मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांना रस्ता आणि रेल्वे यांच्या चढाओढीची चौकशी करायला सांगितले. त्यांचा अहवाल 1933 साली आला. खर्चात काटछाट कशी करावी, हे सांगायला त्याच सुमारास पोप यांची समिती बसली होती. रेल्वेच्या दफ्तरांतून त्या वेळी एकच प्रश्न फिरत होता: कमी काय करता येईल? आठ मैलांची, न वाढलेल्या उपनगरातली, दोन्ही टोकांना आधार नसलेली लाइन त्या प्रश्नाला सोपे उत्तर होती. 1934 साली ती बंद झाली. पुढे रूळही निघाले.

ही लाइन विमानतळासाठी मोडली, असे पुष्कळदा सांगितले जाते. गोष्ट ऐकायला छान आहे: जुने वाहन नव्या वाहनाला वाट देते. पण तारखा तिला पुरती साथ देत नाहीत. 1934 साली मुंबईची नागरी विमाने जुहूला उतरत होती. 1932 च्या 15 ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते जुहूलाच. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात चिखल व्हायचा, मग विमाने पुण्याला न्यावी लागत. सांताक्रूझचा मोठा विमानतळ दुसऱ्या महायुद्धात लष्करी कामाला होता, आणि नागरी विमाने जुहूहून तिकडे गेली ती 1948 साली. म्हणून मला वाटते, रेल्वेचा जीव घेतला तो जमाखर्चाने. विमानतळाने फक्त तिची जागा व्यापली. पण ते व्यापणे अखेरचे ठरले. रूळ गेले तरी जमीन मोकळी असती, तर पुन्हा रूळ टाकता आले असते. त्या वाटेचा काही भाग विमानतळाच्या आवारात गेला, आणि त्या वाटेने गाडी नेण्याचा विचारही संपला. कोळेकल्याण आणि सहारची शेतेही त्याच पोटात गेली. शेवटी मिठी नदीलाही धावपट्टीखालून वाट काढावी लागली, मग एका मेलेल्या रेल्वेचे कोण विचारतो?

आता या कहाणीचा जो भाग मनाला लागतो, तो पुढे आहे. ज्यांची वाट पाहत ही गाडी सहा वर्षे रिकामी धावली, ते सगळे लोक आले. फक्त वीस वर्षे उशिरा आले.

1941 साली शहराची वस्ती पंधरा लाखांच्या घरात गेली. मग युद्ध, मग फाळणी. सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत चेंबूरला झाली. 1950 साली म्युनिसिपालिटीची हद्द अंधेरी, कुर्ला, चेंबूर यांना कवेत घेऊन बृहन्मुंबई झाली, आणि 1951 च्या खानेसुमारीत बृहन्मुंबईची वस्ती 30 लाखांशी पोहोचली. तुर्भ्याच्या ज्या किनाऱ्यावर मिठागरे होती, तिथे 1954 आणि 1955 साली तेल शुद्ध करण्याचे दोन मोठे कारखाने उभे राहिले. 1956 साली टाटांचे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. त्याच वर्षी 4 ऑगस्टला, होमी भाभांच्या देखरेखीखाली, 'अप्सरा' ही अणुभट्टी पेटली. ट्रॉम्बे हे नाव जगाच्या वर्तमानपत्रांत झळकले. ज्या गावाला उतारू मिळत नाहीत म्हणून सहा वर्षांत गाडी काढून घेतली, त्या गावाला रोज हजारो माणसे कामावर पोहोचवायची चिंता आता शहराला पडली.

अंधेरीचेही तेच. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने आले, चित्रपटांचे स्टुडिओ आले, मरोळला औद्योगिक वसाहत झाली, 1973 साली निर्यातीच्या मालाचे सीप्झ आले. साष्टीच्या पोटाला आता दोन्ही टोकांना पोटापाण्याची ठिकाणे होती. आणि मधे काय होते? अंधेरी-कुर्ला रस्ता, त्यावरची बस, साकीनाक्याची कोंडी. त्या कोंडीत तास-तास उभ्या राहिलेल्या माणसांपैकी कितीजणांना ठाऊक असेल, की त्यांच्या आजोबांच्या काळात या बाजूने गाडी जात होती?

पूर्वेचा अर्धा भाग त्यामानाने सुदैवी. कुर्ला-चेंबूर मार्ग जिवंत राहिला, कारण त्याच्यामागे केराचे आणि मालाचे पाठबळ होते. 1950 नंतर त्याला वीज मिळाली, मानखुर्दपर्यंत हार्बरच्या गाड्या जाऊ लागल्या, आणि 1992 साली तो ठाण्याची खाडी ओलांडून वाशीला पोहोचला. नव्या मुंबईला जुन्या मुंबईशी जोडणारी लोकल ती हीच. कचऱ्याच्या वाघिणींसाठी घातलेला फाटा एका नव्या शहराचा दरवाजा झाला, आणि माणसांसाठी घातलेला अंधेरीचा फाटा मातीत गेला. इतिहासात न्याय असतो, असे मानणाऱ्यांनी या दोन फाट्यांकडे एकदा पाहावे.

मधल्या काळात साष्टीला ओलांडून जाणारी रेल्वे नव्हतीच असे नाही. पण दिवा-वसई मार्ग बेटाच्या बाहेरून, खाडीच्या वरच्या अंगाने जातो, आणि माहीम-वांद्र्याकडचा हार्बरचा जोड खाली मनगटाशी आहे. बेटाच्या पोटातून आडवी गाडी पुन्हा धावायला 2014 साल उजाडले. त्या वर्षी 8 जूनला वर्सोव्याहून अंधेरीमार्गे घाटकोपरला जाणारी मेट्रो सुरू झाली. लांबी 11.4 किलोमीटर, म्हणजे जुन्या लाइनीहून थोडी कमीच. जुनी गाडी कुर्ल्याला जायची, ही त्याच्या वरच्या घाटकोपरला जाते. जुनी भातशेतीतून जमिनीवरून जायची, ही खांबांवरून, इमारतींच्या तिसऱ्या मजल्याशी बोलत जाते. पहिल्या दिवसापासून तिला गर्दी झाली. तिच्या स्टेशनांच्या यादीत चकाला आहे, मरोळ नाका आहे.

एक मेट्रो अशीही आखली गेली, की जी अंधेरीच्या पश्चिमेकडून निघते आणि वांद्रे, कुर्ला, चेंबूर करीत मानखुर्दजवळच्या मंडाळ्यापर्यंत जाते. कुर्ल्यापर्यंतची तिची वाट खालून, वांद्र्याच्या बाजूने वळसा घालून येते, कारण मधे विमानतळ आहे. पण कुर्ला, चेंबूर आणि तुर्भ्याच्या वाटेवरचा तो कोपरा, आणि दुसऱ्या टोकाला अंधेरी: नकाशावर दोन्ही रेषा शेजारी ठेवल्या, तर 1928 सालच्या रेषेची टोके ओळखू येतात.